घडीचा फोन खरंच हवासा वाटतो का? वापरलेल्यांनी, टाकलेल्यांनी लिहा

फेरीतला

गेलं वर्षभर एक घडीचा, म्हणजे वाकणाऱ्या स्क्रीनचा फोन माझ्या डोक्यात बसलाय, खिशात काही येत नाही. म्हणून हा धागा.

मी चोडणचा. पणजीत एका मराठी दैनिकात पानं तपासतो. दुपारी फेरीबोटीने रायबंदर, तिथून पणजी, आणि रात्री उशिरा उलट. वाटेत असताना किंवा सुट्टीच्या दिवशी ऑफिसातून पानाची पीडीएफ येते, "एक नजर टाक रे" म्हणून. आता आठ कॉलमांचं पान साडेसहा इंची फोनवर म्हणजे पोस्टाचं तिकीट. दोन बोटांनी ताणायचं, मथळा वाचायचा, मजकुरावर सरकायचं, तोवर मथळा गेला डोंगरापलीकडे. गेल्या जत्रेच्या दिवसांत असंच ताणून बघितलं, "ठीक आहे" कळवलं, आणि सकाळी छापून आलं: 'देवीवर भाविकांची अढळ श्राद्धा'. संपादक काही बोलले नाहीत. नुसतं पान माझ्या पुढ्यात सरकवलं. ते जास्त लागलं.

तेव्हापासून पुस्तकासारखा उघडणारा फोन हवा असं घेतलंय मनात. दुकानात जाऊन दोनदा हाताळून आलो. सॅमसंगचा झेड फोल्ड ७ जुलै २०२५ मध्ये आला तो १,७४,९९९ रुपयांपासून. बायको म्हणते, "घडी घालायचीच एवढी हौस असेल तर दोरीवरचे कपडे काढून आण."

तर ज्यांनी वापरलाय, वापरून सोडलाय, किंवा त्याऐवजी साधा टॅब घेऊन सुखी आहेत, त्यांनी लिहा. आडवा उघडणारा, उभा मिटणारा, घडीचा लॅपटॉप, काहीही चालेल. यूट्यूबवर पाहिलेलं मात्र नको, ते मीही पाठ केलंय.

काजूबोंड

तुम्ही घ्या, सहा महिन्यांनी लिहा. आम्ही वाचू. दोन्ही अर्थांनी.

एकचौदा

डिचोलीत बांधकामाची कामं घेतो. आडवा उघडणारा अडीच वर्षं वापरतोय. हवासा वाटतो का, तर कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा अगदी हवासा वाटतो, नंतर विसरून जातो.

नऊ ते अकरा का, तर तेव्हा साइटवर असतो. मिस्त्री विचारणार, "साहेब, हा पिलर किती?" आधी मी नकाशाची गुंडाळी स्कूटरच्या डिकीत घालून फिरायचो. पावसात तिची खीर व्हायची. आता अर्ध्या स्क्रीनवर नकाशा, उरलेल्या अर्ध्यावर आर्किटेक्टने पाठवलेला बदल. दोन्ही एकदम दिसतात, आणि दोन्हींत फरक निघाला की मिस्त्रीलाच दाखवतो. पूर्वी फोन करून भांडावं लागायचं. जमिनीचा एक चौदाचा उतारा नि सर्व्हेचा नकाशा शेजारीशेजारी ठेवून बघायलाही बरा.

आता दुसरी बाजू. आमच्या साइटवर चिरे कापतात. ती तांबडी धूळ ज्याने अंगावर घेतलीय त्यालाच कळेल. फोन मिटण्याआधी मी फुंकर मारतो, सदऱ्याच्या टोकाने मधली खाच पुसतो, पुन्हा फुंकर, मग मिटतो. मिस्त्री म्हणतो, साहेब पोथी मिटल्यासारखा फोन मिटतात. एवढं करूनही दुसऱ्या पावसाळ्यापासून बिजागरीतून बारीक कर्र असा आवाज येतो. चालतंय, पण दर वेळी तो आवाज ऐकला की पोटात कालवतं.

आणि एक करा. आठवडाभर मोजा, दिवसातून किती वेळा तुम्ही *मोठ्या* स्क्रीनसाठी हळहळलात. मी घेतल्यावर मोजलं. कामाच्या दिवशी दहा-बारा वेळा उघडला. रविवारी एकदाही नाही. रविवारी तो नुसता जाड फोन असतो.

अबोली

माझा उभा मिटणारा. फोंड्यात शाळेत शिकवते. तुम्ही सगळे 'मोठी स्क्रीन, मोठी स्क्रीन' करताय. मला उलट लहान फोन हवा होता. कुणी बायकांच्या खिशाचा विचार केलाय कधी? कुर्त्याला खिसा असलाच तर तीन बोटांचा. त्यात हा मिटून बसतो, कुंकवाच्या करंड्यासारखा.

दुसरं सुख सांगते, हसू नका. पालकांच्या ग्रुपवर रात्री दहाला कुणी विचारतं, "मिस, उद्या तपकिरी मोजे चालतील का?" मी वाचते आणि फोन *मिटते*. खट्ट. साध्या फोनचं बटण दाबण्यात ते समाधान नाही. बाहेरच्या छोट्या स्क्रीनवर वेळ, ओटीपी आणि कोणाचा फोन आलाय एवढं दिसलं की पुरे. त्यामुळे माझा फोन बघणं निम्म्यावर आलं असावं. मोजलेलं नाही, पण घरचे म्हणतात.

सासूबाई त्याला "तोंड मिटलेला फोन" म्हणतात. घरात असं आणखी कोणी असावं, असं त्यांच्या बोलण्यात असतं, पण ते जाऊ दे.

त्रास: दीड वर्षाने आतल्या स्क्रीनवरचा थर मधोमध सुटायला लागला. आधी केसाएवढी पांढरी रेघ, मग तांदळाच्या दाण्याएवढा फुगा. बदलून घ्यायला पणजीला दोन फेऱ्या, कारण पहिल्या दिवशी "माल नाही". आणि नखं वाढवता येत नाहीत. आत नखाचा ओरखडा उठतो तो कायमचा. चतुर्थीला नखं रंगवायची माझी हौस गेली ती गेली.

तरी पुन्हा घेईन का? घेईन.

वाळूचा कण

नाव बघूनच कळलं असेल. मोरजीला संध्याकाळी मित्राचा वाढदिवस. मी फोन *वाळूवर ठेवला नव्हता*. हे ठळक लिहितो कारण घरातल्या प्रत्येकाने आधी तेच विचारलं. चटईवर ठेवला होता. वारा होता. रात्री घरी येऊन मिटायला गेलो तर शेवटचं बोटभर अंतर मिटेना, आणि मी शहाण्याने दाबला.

कच्च असा आवाज. बिब्ब्यासारखा एक काळा ठिपका मधल्या घडीवर, खालच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी ठिपक्यातून हिरवी रेघ निघाली, चौथ्या दिवशी अर्धी स्क्रीन गेली. सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाने भिंग लावून बघितलं आणि चिमट्याने *तो* कण काढून कागदावर ठेवला. मोहरीपेक्षा लहान. "हे वॉरंटीत बसत नाही सर." आतल्या स्क्रीनचा खर्च ऐकून मी खुर्चीवर बसलो. मधल्या दर्जाचा चांगला नवा फोन येईल तेवढा. तेवढ्याच पैशांत मी तसा फोन घेतला. साधा, सरळ, न वाकणारा.

बिजागरी

म्हापशात दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून वरच्या भाऊंच्या जखमेवर थोडं मीठ. राग मानू नका.

फोन धूळपाणी किती सोसतो त्याचा आकडा म्हणून लोक आयपी४८ वाचतात आणि ८ बघून खूश होतात. ८ पाण्याचा. धुळीचा आकडा पहिला, तो ४. त्याचा अर्थ १ मिलिमीटरहून मोठी वस्तू आत जाणार नाही. आपल्या किनाऱ्यावरची वाळू चिमटीत घेऊन बघा, बहुतेक कण त्याहून बारीक. म्हणजे कंपनीने खोटं सांगितलेलं नाही, तुम्ही पहिला आकडा वाचला नाही. २०२१ च्या घडीच्या फोनांवर तर आयपीएक्स८ होतं. एक्स म्हणजे धुळीचं काही सांगतच नाही. पाण्याची चाचणीसुद्धा गोड्या पाण्यातली. समुद्राच्या खाऱ्या पाण्याशी तिचा संबंध नाही. २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० प्रो फोल्ड काढला, त्याला आयपी६८ आहे. तो ६ धुळीला पूर्ण बंदी सांगतो. ज्याला कळंगुट-बागाला रोज जायचंय त्याने निदान हे बघून घ्यावं.

दुसरं, आतली काच. तिला काच म्हणतात खरी, पण सुरुवातीच्या फोनांत ती साधारण ३० मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या निम्मीही नाही. म्हणूनच ती वाकते. तिच्यावर प्लॅस्टिकचा थर असतो. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "वरचा कव्हर काढ रे, नवा लाव." तो कव्हर नव्हे, तो फोनचाच भाग! २०१९ च्या एप्रिलमध्ये पहिला गॅलेक्सी फोल्ड समीक्षकांना दिला होता, तेव्हा काहींनी तो थर नखाने सोलला आणि स्क्रीन मेली. फोनची विक्री लांबली ती सप्टेंबरपर्यंत. जगातल्या जाणत्या लोकांनी सोलला, तर आमच्या गिऱ्हाइकाला काय दोष द्यायचा. थर सुटायला लागला तर घरी हात लावू नका, अबोलीताईंनी केलं तसंच करा.

उघडझाप किती सोसतो? पहिल्या पिढीत सॅमसंग २ लाख वेळा म्हणायची, फोल्ड ७ च्या स्क्रीनला ५ लाख सांगते. दिवसाला १०० वेळा उघडला तरी २ लाख म्हणजे साडेपाच वर्षं. उघडून-मिटून झिजलेला फोन माझ्या टेबलावर क्वचित येतो. येतात ते पडलेले, दाबलेले, वाळूतले आणि एक, सांगायला लाज वाटते, ज्याच्या मधे गिऱ्हाइकाने वीस रुपयांची नोट ठेवून मिटला होता. पाकीट समजून.

फेरीतला

बिजागरी, देव बरें करूं! पहिला आकडा मीही वाचला नव्हता.

एकचौदा, मोजायला सुरुवात केली. काल सात.

पेटीवाला

माझा अनुभव टॅबचा आहे, घडीचा नाही, पण प्रश्न एकच आहे असं मला वाटतं: कागदाच्या जागी काय ठेवायचं.

चवथीत आमचा फड वाड्यावर घरोघरी भजनाला जातो. बाबांची अभंगांची वही होती, तीन-चारशे पानी, लाल पुठ्ठ्याची, त्यांच्या बारीक अक्षरातली. पानांना तेलाचे, घामाचे, उदबत्तीच्या राखेचे डाग. ती आता हाताळली तर तुकडे पडतात. भाच्याने सगळी पानं फोटो काढून टॅबवर चढवून दिली. अकरा इंची, साधा, वीसेक हजारांचा.

पहिल्या वर्षी काय झालं ते ऐका. तिसरं घर. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, पेटी मांडली, वर टॅब उभा केला. रूपाचा अभंग झाला, गजर झाला, गवळण धरली. दुसऱ्या अंतऱ्याला टॅब काळा. अर्ध्या मिनिटाने आपोआप झोपायचं त्याला कोणी शिकवलं होतं देव जाणे. डाव्या हातात भाता, उजवा पट्ट्यांवर, तिसरा हात कुठून आणू? नाकाने दाबला. खरंच सांगतो, नाकाने. झील धरणारी पोरं हसायला लागली आणि गवळण तिथेच लंगडी झाली. यजमानीणबाईंनी पुढल्या वर्षी भजनाआधी विचारलं, "आज नाक धुवून आलात ना?"

आता सेटिंग बदललंय, झोपत नाही. घामाच्या बोटाने पान कधी उलटतं, कधी उलटत नाही, म्हणून मांडीवर पंचा ठेवतो. पण एवढं सोडलं तर मला घडीचं काही आकर्षण नाही. फडातल्या पखवाजवाल्याकडे उभा मिटणारा आहे. काटकोनात उघडून तो पेटीवर ठेवतो, फोन स्वतःच्या पायावर उभा राहतो, आणि आमचं भजन न डुगडुगता रेकॉर्ड होतं. ते मात्र मला आवडलं. पण त्यासाठी लाखभर? पंचाला टेकवला तरी उभा राहतो की.

बाबांची वही टॅबमध्ये दिसते, डागांसकट. 'ज्ञाना'वर बोट ठेवलं की अजून तेलकट लागेल असं वाटतं.

धक्क्यावरचा

रायबंदर. फेरीतला, तुमचा शेजारी नदीअलीकडचा.

माझा आडवा उघडणारा २०२२ चा, सध्या कपाटात आहे. मोडलेला नाही. चांगला चालतो. पण मी पुन्हा साध्या फोनवर आलो आणि याचं कारण कुणी सांगत नाही म्हणून लिहितो: मराठी टायपिंग.

त्या काळच्या घडीच्या फोनची बाहेरची स्क्रीन अरुंद, रिमोटसारखी. इंग्रजी की-बोर्डची अक्षरं कशीबशी मावतात. देवनागरीत मुळात अक्षरं जास्त. 'ष' दाबायला जावं तर 'श' उठतो, 'ळ' दाबावा तर फोन 'ल' देतो. मुलीच्या मावशीला "बाळ झोपलं" लिहिलं ते "बाल झोपलं" गेलं. तर मग आत उघडून लिहा. आत स्क्रीन एवढी रुंद की अंगठे मधल्या अक्षरांपर्यंत पोचत नाहीत. की-बोर्ड दुभंगून दोन बाजूंना ठेवता येतो, पण अर्धी बाराखडी डावीकडे, अर्धी उजवीकडे. या वयात नव्याने मुळाक्षरं शिकल्यासारखं.

नवे फोन बाहेरून रुंद झालेत, त्यांत एवढा त्रास नसावा.

दुसरं कारण बाजार. बांगड्यांचा वाटा घेताना एका हातात पिशवी. दुसऱ्या हाताने काय होईल तेवढाच फोन माझ्या कामाचा. उघडायला दोन हात लागतात. दिवसातली माझी ऐंशी टक्के कामं एका हाताची निघाली.

फेरीतला, तुम्हाला करून बघायचा असेल तर आठ दिवस घेऊन जा. धक्क्यावर भेटू. पैसे घालवण्याआधी दुसऱ्याचा वापरून बघावा.

गुरुजी पेडणे

नमस्कार. वय ७१, गणिताचा निवृत्त शिक्षक. मुलगा दुबईला असतो, त्याने गेल्या वर्षी घडीचा फोन आणला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची झाली आहे.

एक गैरसमज दूर करतो. मुलगा म्हणाला, "बाबा, क्रिकेट दुप्पट मोठं दिसेल." मी फूटपट्टी काढली. आतली स्क्रीन ७.६ इंची, पण ती जवळजवळ चौरस आहे. सामना दाखवतात ते चित्र आडवं, १६ ला ९. त्यामुळे वरखाली काळे पट्टे राहतात आणि चित्राची रुंदी भरते पावणेसहा इंचांच्या आसपास. सुनेचा साधा ६.८ इंची फोन आडवा धरला, चित्र पाच इंचांचं. पाऊण इंचासाठी एवढा खर्च! दुप्पट तर नाहीच.

मात्र मजकुराचं गणित वेगळं. स्क्रीनचं क्षेत्रफळ काढलं तर साध्या फोनच्या दीडपटीहून अधिक आहे, आणि वाचायला ते सगळं कामी येतं. मी सकाळी चहाबरोबर तीन मराठी दैनिकांचे ई-पेपर वाचतो. कॉलम मोठा केला तरी ओळ मधेच तुटत नाही. मधली चुणी पहिले आठ दिवस दिसली, नंतर दिसेनाशी झाली. खिडकीकडे पाठ करून बसलं की उजेड पडून पुन्हा दिसते.

वजनाचं मात्र बघा. माझा अडीचशे ग्रॅमच्या घरात आहे. अर्ध्या तासाने करंगळी दुखते, कारण खालून आधार करंगळीच देते. उशीवर ठेवून वाचतो. फोल्ड ७ हा २१५ ग्रॅमचा आहे, म्हणजे त्याच कंपनीच्या न वाकणाऱ्या एस२५ अल्ट्रापेक्षा ३ ग्रॅम हलका. पहिला २०१९ चा २७६ ग्रॅमचा होता. सहा वर्षांत एकसष्ट ग्रॅम गेले. माझे सहा वर्षांत एवढे गेले नाहीत.

तुमच्या 'श्राद्धा'बद्दल: ती मी वाचली होती. पत्र लिहिणार होतो.

फेरीतला

गुरुजी, लिहिलं नाहीत हे उपकार.

तारवटी

बोटीवर इंजिनात काम करतो, सहा महिने बाहेर. सिंगापूरला घडीचा घेतला होता. इंजिन रूममध्ये हातमोजा, तेल, दणके. एका ट्रिपमध्ये कंटाळलो आणि चीफ कुकला विकला. तो खूश आहे, कारण तो केबिनमध्ये पडून मालिका बघतो.

शांघायला तीन भागांत मिटणारा हुवावे मेट एक्सटी दुकानात पाहिला. १०.२ इंची उघडतो. १९,९९९ युआन. उघडताना दुकानातली मुलगीच घाबरत होती. मी हात लावला नाही.

पर्वरीचा

लॅपटॉप विचारलात म्हणून. माझ्या कंपनीत एकाकडे आसुसचा झेनबुक १७ फोल्ड होता. २०२२ चा, भारतात ३,२९,९९० ला. उघडला की १७ इंची टॅब, अर्धा दुमडून त्यावर की-बोर्ड ठेवला की लॅपटॉप. मीटिंगमध्ये पहिल्या दिवशी सगळे त्याच्याभोवती, चौथ्या दिवशी तो बाहेरचा मॉनिटर लावून बसला. पुढचं तुम्ही समजा.

सोमवारची फेरी

मी घडीचा घेतलेला नाही, घेणारही नाही, पण हवासा का वाटतो ते मला माहीत आहे असं वाटतं.

२००४ ला मोटोरोलाचा रेझर व्ही३ आला होता. माझ्या मामाकडे होता, मडगावला. तो बोलणं संपलं की अंगठ्याने असा मिटायचा की खोलीतल्या सगळ्यांना कळायचं, विषय संपला. मला तो फोन नको होता, मला मामाचं ते मिटणं हवं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत त्याच नावाचा वाकणाऱ्या स्क्रीनचा रेझर बाजारात आला, तेव्हा मी बत्तिशीचा होतो आणि मनात पहिलं काय आलं असेल, तर तो आवाज. अबोलीताईंचं 'खट्ट' वाचून पुन्हा आलं.

फेरीतला, तुमचं पानाचं कारण खरं आहे, पण ते सगळं कारण आहे का? दुकानात दोनदा हाताळून आलात असं लिहिलंय. पीडीएफ उघडून बघितलीत की नुसता उघडमीट केलात?

फेरीतला

नुसता उघडमीट केला. पकडलंत.

काजूबोंड

वर कोणी स्वस्तातलं लिहिलं नाही. टेक्नोचा फँटम व्ही फोल्ड २०२३ मध्ये ८८,८८८ ला आला होता. चुलतभावाने घेतला. रीसेल बघायला गेला तेव्हा दुकानदाराने फोन न उघडताच किंमत सांगितली. "घडीचा आहे ना? मग एवढेच." सगळ्याच घडीच्या फोनांना हाच भाव लावतो म्हणाला, कंपनी कुठलीही असो. आठांची रांग घेतली आणि विकताना एकही आठ उरला नाही.

फेरीतला

अहवाल.

धक्क्यावरच्या दादांनी फोन दिला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, टेबल नॅपकिनमध्ये गुंडाळून. "आत वाळू नाही, सकाळी बघितलंय," म्हणाले.

पहिला दिवस: एकूण २३ वेळा उघडला. पान बघायला ५. उरलेले १८ वेळा *दाखवायला*. फेरीवरच्या खलाशाला, ऑफिसच्या शिपायाला, चहावाल्याला, दोनदा बायकोला. चहावाला म्हणाला, "मधे वाकलाय की हो." तेवढंच.

दुसरा दिवस: ९. सहा पानं, तीन दाखवणं. मुख्य पानाचा वरचा अर्धा भाग न ताणता दिसतो, मथळा आणि पहिली बातमी एकत्र. सबंध पान एका नजरेत वाचता येईल ही माझी कल्पना खोटी ठरली, पण अर्धं येतं. रात्री रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना 'पुलाच्या पायभरणी'चा काना मिळाला. ऑफिसला फोन केला, दुरुस्त झाला. अगदी तो क्षण लक्षात ठेवण्यासारखा होता, आणि मी लगेच खलाशाला सांगायला गेलो, त्याला काही कळलं नाही.

तिसरा दिवस: ४. चारही पानं. कोणालाही दाखवला नाही.

चौथा दिवस: तिरका पाऊस. फेरीवर सगळे एका बाजूला दाटलेले, कुणाच्या तरी छत्रीचं पाणी माझ्या मानेवर. ऑफिसातून पान आलं. घडीचा फोन डब्यात, डबा पिशवीत, पिशवी पोटाशी. खिशातला जुना काढला आणि दोन बोटांनी ताणून वाचलं. शून्य.

त्या दिवशीच्या पानातली चूक ऑफिसात पोचल्यावर कागदावर दिसली. ती घडीच्या फोनवर दिसली असती का, याचा विचार अजून करतोय.

पेटीवाल्यांचा वीस हजारांचा अकरा इंची टॅब काल मडगावला बघून आलो. पीडीएफ उघडून बघितली, उघडमीट करायला काही नव्हतं. चांगला आहे. पण फेरीवर उभ्याने एका हातात धरून दुसऱ्या हाताने कठडा धरायचा तर तो थाळी धरल्यासारखा होतो. आठ इंचांचे टॅबही असतात म्हणे. कोणाकडे आहे?

अबोली

माझ्या दिराकडे आहे, आठ इंची. कुर्त्याच्या खिशात येत नाही, पण तुम्ही कुर्ता कुठे घालता. विचारून सांगते.

एकचौदा

२३, ९, ४, ०. माझेही पहिले चार दिवस असेच होते, फक्त माझा चौथा दिवस रविवार होता. पाचवा मोजा.

धक्क्यावरचा

पाचवा मोजायला हरकत नाही, पण उद्या साडेचारच्या फेरीला आणून द्या. बायकोने कपाट आवरायला काढलंय. डबा पण.